पऱ्हाटीचे बोर्ड : आयातीचे आकडे आणि आपला हिशोब

जालना जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी (पळाटी) बांधावर रचली जाते, चुलीत जाते किंवा शेतातच जाळली जाते. हेक्टरी साधारणतः २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र विकसित केले आहे. पऱ्हाटीचे तुकडे करून वाळवतात, भरडतात, त्यात चिकट रेझीन मिसळतात आणि गरम दाबयंत्रात तक्ता दाबतात.

मात्र "परदेशात बोर्डांची आयात वाढली, आता पऱ्हाटीचे सोने होणार" असे कोणी सांगितल्यास घाई करू नये. आयातीचे आकडे कसे पारखावेत, हे दोन देशांच्या उदाहरणाने पाहू.

ब्रिटन आणि फिनलंड

फिनलंडच्या सुमारे पाऊण भूभागावर जंगल आहे, तर ब्रिटनच्या सुमारे १३ टक्के भूभागावर. त्यामुळे फिनलंड बर्च झाडाचे प्लायवूड निर्यात करतो आणि ब्रिटन बोर्डांचा मोठा आयातदार आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना अशा मालाची देशवार आकडेवारी १९६१ पासून देते. ती वाचताना पुढील बाबी तपासाव्यात.

१) एकक : घनमीटरची तुलना घनमीटरशीच करावी. डॉलरमधील वाढ केवळ भाववाढीचीही असू शकते.

२) माल : प्लायवूड, पार्टिकल बोर्ड व फायबर बोर्ड वेगळे पाहावेत. प्लायवूडची आयात वाढली म्हणून पऱ्हाटीच्या बोर्डाला मागणी आली असे होत नाही.

३) लोकसंख्या : ब्रिटनची लोकसंख्या फिनलंडच्या सुमारे १२ पट आहे. म्हणून दरडोई आयात काढावी.

४) वर्षे : २००८ च्या मंदीत युरोपात घरबांधणी घटली व बोर्डांची मागणीही घसरली. एकाच वर्षावर न जाता ३ ते ५ वर्षांची सरासरी घ्यावी.

५) निर्यात : आयातीतून निर्यात वजा केल्यावरच देशाची निव्वळ आयात कळते.

आपल्या शेताचा हिशोब

एवढे करूनही आपल्या बांधावरचा भाव कळत नाही. पऱ्हाटी वजनाने हलकी पण आकाराने मोठी असते. गाडी भरते, वजन भरत नाही. समजा, कारखाना टनाला ३,००० रुपये देतो. कापणी व बांधणीस १,००० आणि वाहतुकीस १,२०० रुपये गेले, तर हाती ८०० रुपये राहतात. कारखाना दूर असून वाहतूक २,४०० रुपये झाली, तर ४०० रुपये तोटा होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपले प्रत्यक्ष दर घालून हिशोब करावा.

काय करावे?

खरेदीदाराकडून दर, ओलाव्याची अट आणि उचल करण्याची तारीख आधी लेखी घ्यावी. गावातील ८-१० शेतकऱ्यांनी मिळून जागेवरच तुकडे केल्यास वाहतुकीत बचत होते. खरेदीदाराची वाट पाहत पऱ्हाटी पुढील हंगामापर्यंत रचून ठेवू नये. तिच्यावरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते. विक्री जमत नसेल तर यंत्राने बारीक करून ती जमिनीत मिसळावी अथवा कंपोस्टसाठी वापरावी. जाळलेल्या पऱ्हाटीतून मात्र ना पैसा मिळतो, ना सेंद्रिय खत.