सिलिंडर कोणाचा?

जावा-येझदीच्या पिस्टनच्या माथ्यावर त्याचं माप ठोकलेलं असतं. कारखान्यातून निघालेल्या २५० सीसीच्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर. सिलिंडर आतून झिजला की तो घासून किंचित मोठा करायचा आणि पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन घालायचा. आधी ६५.२५, मग ६५.५०, मग ६५.७५. असे काही टप्पे झाले की भिंत पातळ होते आणि सिलिंडर भंगारात जातो. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे तिथून नवा सिलिंडर यायचा प्रश्नच नाही. बाकी उरलेले पाव पाव मिलिमीटर हेच गाडीचं उरलेलं आयुष्य. एवढं लक्षात आलं तर पुढची तक्रार समजेल. ज्यांना ती हौशी माणसाची कटकट वाटेल, त्यांनी खुशाल पान उलटावं.

प्रस्तुत लेखकाची गाडी येझदी रोडकिंग. (‘मी’ असं लिहायला घेतलं की तोंडात शिव्या येतात, म्हणून हा तृतीयपुरुष.) ओतूरच्या बाजूला एका गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे उभी होती. ती कशी मिळाली, केवढ्याला मिळाली, घरचे काय म्हणाले, हे सांगण्यात अर्थ नाही. जुन्नर-आंबेगावात जुनी गाडी घरी आणणाऱ्या प्रत्येकाला घरचे तेच म्हणतात.

या पट्ट्यात दुधाचे कॅन वाहायला राजदूत होती. येझदी त्या मानाने रुबाबाची गाडी. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा. गिअरवर पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो, ही सोयही त्या काळी दुसऱ्या कुठल्या देशी गाडीत सहसा नव्हती. मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना काढला, १९६१ पासून तिथून जावा निघू लागल्या, आणि १९७३ च्या सुमारास परवाना संपल्यावर टाकीवरचं नाव येझदी झालं. रोडकिंग आली १९७८ मध्ये. आंबेगाव तालुक्याचं उलटं झालंय. तिथे नाव राहिलं आणि जुनं आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. इथे नाव गेलं आणि यंत्र तेच राहिलं.

घरी एकेक भाग करायचा, हे प्रस्तुत लेखकाने पहिल्यापासून ठरवलं होतं आणि ते बरोबरच होतं. चाकं आधी. ३६ आऱ्यांचं चाक घरी सोडवता येतं, बांधताही येतं. फक्त त्याची ओढ सरळ करायला जुना सायकलवाला गाठावा, मोटारसायकलवाल्यांना आता सबुरी नाही. मग ब्रेक, मग वायरिंग. रंगाचं काम सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यात तर नाहीच. घोडेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूने, जून ते सप्टेंबर उघड्या पत्र्यावर रात्रीत तांबूस थर चढतो. गंज घासून लगेच प्रायमर मारला नाही तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

टाकी आतून गंजलेली होती. साधं पांढरं व्हिनेगर भरून ठेवलं, मधूनमधून नटबोल्ट टाकून हलवली, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, वाळवली आणि लगेच टू-स्ट्रोक ऑइल फिरवलं. वाळवण्यात आळस केला तर सगळी मेहनत वाया जाते.

इंजिन मात्र पूर्ण घरी होत नाही. हे कुणी व्हिडिओ पाहून सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. या गाडीचा क्रँक दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेस लागतो आणि नंतर डायल गेज लावून क्रँक सरळ करावा लागतो. शतांश मिलिमीटरचा खेळ आहे. तिथे हातोडीने ‘ठोकून बसवतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवावं. म्हणून क्रँक आणि सिलिंडर शहरातल्या एका कारागिराकडे गेले. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत त्याच्या गाड्या उभ्या असतात, लोक त्याच्याभोवती गोळा होऊन फोटो काढतात. नाव सांगत नाही. कलाकार म्हणू.

देताना प्रस्तुत लेखकाने जे केलं ते आज ठासून सांगतो. सिलिंडरच्या सगळ्यात खालच्या फिनवर (बाहेरच्या पट्टीवर), मागच्या बाजूला, सेंटर पंचने तीन ठिपके मारले होते. चारही बाजूंनी फोटो काढले होते. वरून दुसऱ्या फिनचा कोपरा मुळातच तुटलेला होता, तो फोटोत स्वच्छ दिसतो. निघालेला पिस्टन ६५.५० चा होता, त्याचाही फोटो होता. म्हणजे पुढचा टप्पा ६५.७५, आणि त्यानंतरही थोडं आयुष्य शिल्लक. कलाकाराने सगळं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, “सर, माल झकास आहे. आता असे ब्लॉक मिळत नाहीत.”

हे वाक्य तेव्हाच कानात वाजायला हवं होतं असं पुढे कितीतरी जणांनी ऐकवलं. कौतुक ऐकून संशय घ्यावा, असं कुठल्या शाळेत शिकवतात?

मग नेहमीचं सुरू झालं. फोन उचलला तर ‘पार्ट यायचाय’, नाही उचलला तर ‘वर्कशॉपमध्ये रेंज नसते’. एकदा आळेफाट्याला गाडी बदलून प्रस्तुत लेखक पोचला तर कलाकार कुठल्या तरी रॅलीला गेलेला. शेवटी खोकं हातात आलं. नारायणगावच्या घरी अंगणात सतरंजी पसरून, भाग मांडून, पिस्टन उचलला. उजेडात धरला. माथ्यावर ६६.२५.

आधी वाटलं, चष्म्याचा दोष. मग व्हर्नियर लावला. ६६.२५ च. मधले दोन टप्पे गाळून सरळ उडी. ठीक आहे, बोअरमध्ये खोल ओरखडा असेल, तो घालवायला जास्त घासावं लागलं असेल, असं मनाला समजावलं. मग सिलिंडर उलटा केला. खालच्या फिनवर ठिपके नाहीत. ब्रश मारला, रॉकेलने पुसला, टॉर्च लावला. गुळगुळीत. वर पाहिलं तर दुसऱ्या फिनचा कोपरा शाबूत. सगळ्या फिन शाबूत. हातातला सिलिंडर आपला नव्हता, हे कळलं त्या क्षणी आलेला राग अजून उतरलेला नाही. समोरचा सिलिंडर कुणाच्या तरी संपत आलेल्या गाडीचा होता, आणि आपला, अजून काही टप्पे आयुष्य शिल्लक असलेला, कुणाच्या तरी चकचकीत गाडीत बसला होता.

फोन केला. कलाकार शांत.

“सर, फिन तुटलेली होती ना, ती मी वेल्ड करून दिली. त्याचे तुम्हाला पैसेपण लावले नाहीत.”

ओतीव लोखंडाची पातळ फिन वेल्ड करून, घासून, मूळच्या सारखी दिसेल अशी करणं हे काम सोपं नाही. करणारा माणूस ते फुकट करून गप्प बसणार नाही, चार जणांना दाखवेल. आणि ठिपके? “ब्लास्टिंगमध्ये गेले असतील.” सेंटर पंचचा खड्डा सँडब्लास्टिंगने जात नाही. फोटो पाठवले तर उत्तर आलं, “फोटोत काय सर, उजेडाचा खेळ असतो.” शेवटी आवाज चढवून: “तुम्ही शिकलेली माणसं, आम्हाला चोर ठरवता?” आणि फोन बंद. चोरी झाली ती झालीच, वर उपकाराचा हिशेब लावला, आणि अपमान झाल्याचा कांगावाही त्यानेच केला. यातलं शेवटचं जास्त बोचतं.

पक्कं बिल मागितलं तेव्हा मिळालं ते एक चिटोरं. त्यावर ‘इंजिन काम’ आणि खाली आकडा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण ‘इंजिन काम’ या दोन शब्दांवर सिलिंडर कोणाचा हे कुठला आयोग ठरवणार? तेव्हा भाग देतानाच कागद करा: कुठला भाग, त्यावरची खूण, आत्ताचं माप, करायचं काम, आणि खाली त्याची सही. सही द्यायला नाक मुरडणाऱ्याकडे भाग ठेवू नका. खूण फक्त बाहेर नको आणि एकच नको; एक दिसेल अशी, एक आतल्या बाजूला, जिथे ती आहे हे फक्त तुम्हाला माहीत. बोअरला मात्र खुणेपासून लांब ठेवा.

आणि क्रँककेस कधीही कुणाकडे देऊ नका. इंजिन नंबर तिच्यावर असतो, आणि तिचे दोन अर्धे जोडीने बनवलेले असतात. सिलिंडर गेला तर आयुष्य गेलं. क्रँककेस बदलली गेली तर आरसी बुकातला नंबर जुळणार नाही, आणि मग तुम्हीच चोर.

पिस्टन आधी विकत घ्या, पुण्यात नाना पेठेत शोधलं तर मिळतो. सिलिंडर मग त्या पिस्टनच्या मापाने घासायचा. ‘आधी बोअर मारतो, पिस्टन नंतर बघू’ हे ऐकलं की उठा. हे प्रस्तुत लेखकाला मंचरच्या एका लेथवाल्याने शिकवलं. त्याच्या दुकानात दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे भाग येतात, जावा त्याने पूर्वी क्वचितच पाहिलेली. त्याने स्टूल ओढून दिलं आणि म्हणाला, “बसा दादा, समोर बघा.” माप त्याने स्वतः घेतलं, मग मापकाटा लेखकाच्या हातात दिला. मेळाव्यात त्याचा फोटो कुणी काढत नाही.

त्याच काळात आणखी एक गोष्ट कळली. क्रँकच्या दोन बाजूंच्या ऑइल सीलकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअरचं ऑइल आत ओढलं जाऊन जळतं, धूर निघतो आणि गिअरबॉक्समधली पातळी उतरते. धूर बघून लोक रिबोअर करून घेतात आणि सिलिंडरचा एक टप्पा उगाच खर्ची घालतात. डायनमोच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, गाडी उगाच भणभणते, आणि एखाद्या लांब चढावर पिस्टन पकडतो. माळशेज घाटात नेण्याआधी दोन्ही सील नवी घाला. सील स्वस्त असतात. कलाकाराने ती बदललीच नव्हती, पैसे मात्र घेतले होते.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ऊस पिकवणाऱ्या या तालुक्यांत इथेनॉलविरुद्ध बोलणं म्हणजे चौकात मार खाणं, तरी सांगतो: इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाडीचे रबरी नळ आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. नवे नळ घाला. पेट्रोलमध्ये ऑइल नीट मिसळा. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी कुणीतरी विसरतो.

कागदांचं थोडक्यात. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, अर्ज नमुना २५. नूतनीकरणाची केंद्रीय फी १ एप्रिल २०२२ ला तीनशेवरून एक हजार झाली होती, आता किती ते विचारून घ्या; शिवाय पर्यावरण कर वेगळा. मूळ मालक वारलेला असेल तर नमुना ३१ लागतो आणि वारसांची संमती. हे गाडी घेण्याआधी उरका, कारण गाडी उभी राहिली की वारसांच्या लक्षात तिची किंमत येते. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. जुन्नर-आंबेगावच्या गाड्यांना पिंपरी-चिंचवडचं आरटीओ, एमएच १४. तपासणीला जाताना चेसिस नंबरवरचा रंग आधीच खरवडून ठेवा. रंगारी तो नंबर हमखास बुजवतात.

रोडकिंग आता चालते. ६६.२५ च्या परक्या सिलिंडरवर, मंचरच्या लेथवाल्याने पुन्हा तपासून दिलेल्या क्रँकवर. शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते, धूर नाही, आवाज गोल. गावातले लोक म्हणतात, “जाऊ द्या ना, गाडी पळतेय तर!” मागच्या हिवाळ्यात एका मेळाव्यात कलाकाराची गाडी उभी होती. गर्दी ओसरल्यावर प्रस्तुत लेखक खाली वाकून सिलिंडरची खालची फिन बघायला गेला, तर तिथल्या एका पोराने हटकलं, “काका, हात लावू नका.”