करवंदाची जाळी

उन्हाचा ताप वाढूं लागला कीं पनवेलच्या बाजारांत कातकरी व ठाकूर बाया करवंदांच्या पाट्या घेऊन बसतात, आणि पानाच्या द्रोणांतून तें काळेंभोर फळ घरोघर जातें. ‘डोंगराची काळी मैना’ हें त्याचें लाडकें नांव आमच्या विद्यार्थीमित्रांस ठाऊक आहेच. फळ फोडून आंत तांबडें निघालें तर कोंबडा, पांढरट निघालें तर कोंबडी, हा खेळ न खेळलेला मुलगा कोंकणांत विरळाच. परंतु ज्या जाळींत हें फळ येतें तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून येथें फळापेक्षां जाळीविषयींच अधिक लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संस्कृतांत करवंदास करमर्द म्हणतात. कण्हेर व रुई ह्यांच्या कुळांतील हें झुडूप. म्हणून त्याचें पान खुडलें कीं पांढरा चीक येतो. पानें समोरासमोर, जाड व तकतकीत असून बारा महिने हिरवीं राहतात. कांटे जोडीनें येतात व कित्येकदां टोंकाशीं दुभंगतात. थंडी सरतां सरतां पांच पाकळ्यांचीं पांढरीं सुवासिक फुलें येतात आणि वैशाखांत फळें पिकूं लागतात. कच्च्या फळाचें लोणचें होतें. मिठाईवाल्याच्या दुकानांतील लाल ‘चेरी’ हीदेखील पुष्कळदां साखरेंत मुरवून रंगविलेलें करवंदच असतें, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल!

आतां जाळीचें खरें काम पाहूं. पिकलें फळ बुलबुल खातो, कांडेचोर खातो, कोल्हाही खातो; आणि बी दूर कोठें तरी जाऊन पडतें. अशा रीतीनें नवी जाळी उगवते. तिच्या कांट्यांत लहान पक्षी घरटीं बांधतात, कारण मांजर आंत शिरण्यास धजत नाहीं. फांदीवर बसलेल्या पक्ष्याच्या विष्ठेंतून जांभूळ, अंजनी, आसाणा अशा झाडांचें बीं जाळीच्या पोटांत पडतें. उघड्या माळावर असें रोप रुजलें तर शेळी तें दोन दिवसांत खुडून टाकील; येथें मात्र कांट्यांच्या पहाऱ्यांत तें सुखानें वाढतें व पुढें जाळीच्या डोक्यावर निघतें. उजाड टेंकडीवर एखादें एकटें झाड दिसलें तर त्याच्या बुंध्याशीं वांकून पाहावें. पुष्कळदां तेथें करवंद सांपडेल. पनवेलपासून जवळच असलेल्या कर्नाळ्याच्या अभयारण्यांत (स्थापना १९६८) सहलीस जाणाऱ्यांनीं ही परीक्षा अवश्य करावी.

आमच्या करंजाड्यास ह्या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. येथें सिडकोची वसाहत उभी राहिली, शेजारीं विमानतळासाठीं उलव्याची टेंकडी कापली गेली, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानें उडूं लागलीं. जमीन सपाट करतांना मोठा वृक्ष पडला तर चार माणसें हळहळतात. जाळी उपटली तर ‘कांटे गेले, बरें झालें’ असेंच म्हणतात. मग मोकळ्या जागेवर घाणेरी माजते. ही अमेरिकेकडून आलेली; तिचींही फळें पक्षी खातात हें खरें, पण तिचा पाला गुरांस बाधतो आणि तिच्या दाटींत दुसरें रोप सहसा वाढत नाहीं. पक्ष्यांना फळ मिळालें एवढ्यावरून दोन्ही झुडपें सारखीं मानणें आम्हांस मान्य नाहीं.

पालकवर्गास आमची विनंति अशी कीं, घराच्या वा सोसायटीच्या कुंपणास परदेशी शोभेचें झुडूप आणण्यापूर्वीं करवंदाचा विचार करावा. खाऊन उरलेल्या बिया धुऊन, पुष्कळ दिवस न ठेवतां, पावसाच्या आरंभीं लावाव्या. जुन्या झाल्या कीं त्या उगवत नाहींत. रोपें दोन-दोन फुटांवर बसवावीं व पहिले दोन उन्हाळे पाणी घालावें. वाढ सावकाश असते. फळ दिसावयास तीन-चार वर्षें लागतात. छाटणी केल्यास कुंपण दाट होतें, परंतु फुलें येण्याच्या सुमारास कात्री लावली तर त्या वर्षीं फळांस मुकावें लागेल. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून मात्र हें कुंपण चार हात दूर असावें.