बीज आणि क्षेत्र : फळझाडांच्या गुणांचा विचार

गर्भोत्पत्ती समजावताना सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अंकुराचा दृष्टान्त येतो. ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज या चारांच्या संयोगानेच अंकुर निर्माण होतो. फळझाडांच्या गुणदोषांचा उलगडाही याच सूत्राने होतो.

हापूसच्या सर्व कलमांचे बीज एकच. तरीही गरातील ‘साका’ हा दोष सर्वत्र सारखा आढळत नाही. जमिनीच्या उष्णतेने तो बळावतो, आच्छादन घातल्यास घटतो. म्हणजे प्रवृत्ती बीजात, प्रकटीकरण क्षेत्रानुसार. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राची १९८१ ची ‘रत्ना’ ही नीलम व हापूस यांच्या संकराची जात मात्र साकामुक्त आहे. तेथे बीजच बदलले.

आपल्या तळोद्याजवळील सातपुड्यात आमचूर होतो तो रायवळ आंब्याचा. कोयीपासून वाढलेल्या प्रत्येक झाडाचे बीज भिन्न. याउलट एकाच जातीच्या कलमी आवळ्यात बीज समान, क्षेत्र भिन्न. म्हणून औषधनिर्मात्यांनी केवळ जातीच्या नावावर विसंबू नये. गाव, जमीन व तोडणीचा महिना नोंदवावा. प्रत्येक खेपेचा रस तपासावा. दोष क्षेत्राचा असेल तर मशागतीने सुधारेल. बीजाचा असेल तर झाडच बदलावे लागेल.