‘सगळे देव एकच’ म्हणून थांबू नका

पालकहो,

पुण्यात वाढणाऱ्या मुलांना धर्मांची ओळख पुस्तकाआधी रस्त्यावर होते. वारीच्या दिवसांत भवानी पेठेत माउलींची पालखी मुक्कामाला असते, नाना पेठेत तुकोबांची. तिथून जवळच क्वार्टर गेटपाशी चर्च आहे; सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर ते १७९२ मध्ये उभं राहिलं. आणखी पुढे कॅम्पात गेलं की ज्यू बांधवांचं लाल देऊळ लागतं. अशा शहरात एखाद्या संध्याकाळी मूल विचारणारच, “देव एकच असतो ना? मग माझ्या मैत्रिणीचा देव वेगळा का?”

आपण घाईत असतो. “सगळे देव एकच गं बाळा, चल, हात धुऊन घे,” म्हणून मोकळे होतो. काही घरांत दुसरं उत्तर मिळतं, “आपल्याकडे चराचरात देव आहे, त्यांचा देव वर स्वर्गात बसलेला असतो.” पहिल्या उत्तराने प्रश्न जागच्या जागी मिटतो. दुसऱ्याने ‘आपलं ते भारी’ ही भावना मुलाच्या मनात नकळत रुजते. खरी हकिकत या दोन्ही उत्तरांपेक्षा खूप मोठी आहे आणि ती मुलांना सांगण्यासारखी आहे.

ज्ञानदेवांनी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० मध्ये. त्या सुमारास जर्मनीत माइस्टर एकहार्ट नावाचे ख्रिस्ती साधू तिशीच्या आसपास होते. या दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला. एकहार्ट लॅटिनचे पंडित, पॅरिसच्या विद्यापीठात शिकवलेले. तरी साध्या लोकांपुढे, जोगिणींपुढे ते जर्मनमध्ये प्रवचनं करत. माणसाच्या आत्म्याच्या अगदी तळाशी देव आहे आणि तिथे पोचल्यावर दोघांत अंतर उरत नाही, असं ते सांगत. आळंदीची वारी करणाऱ्या आजोबांना हे ऐकवलं तर ते लगेच मान डोलावतील. रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकाने १९२६ मध्ये एकहार्ट आणि आद्य शंकराचार्य यांची तुलना करणारा अख्खा ग्रंथच लिहिला.

पण म्हणून दोन्हीकडे तेच सांगितलंय असं मुलांना सांगू नका. ख्रिस्ती परंपरेत देव निर्माता आहे आणि जग त्याने निर्माण केलेलं. त्या दोघांतलं अंतर प्रेमाने, कृपेने भरून निघतं; पण भक्त देवाशी कितीही एकरूप झाला तरी तो देव होत नाही, असं चर्च मानत आलं. म्हणूनच एकहार्ट यांची भाषा चर्चला खटकली. १३२६ मध्ये कोलोन शहरात त्यांची चौकशी सुरू झाली. निकाल लागण्याआधीच ते वारले आणि १३२९ मध्ये पोपने त्यांची २८ विधानं दोषी ठरवली. शंकराचार्यांच्या अद्वैतात जीव आणि ब्रह्म मुळात वेगळे नाहीतच. वेगळेपण अज्ञानामुळे भासतं. हा फरक खरा आहे. तो पुसून टाकला तर दोन्ही परंपरांवर अन्याय होतो.

उलट टोकालाही जाऊ नका. भारत म्हणजे अद्वैत आणि युरोप म्हणजे द्वैत, अशी सरळ वाटणी होत नाही. मध्वाचार्य आपलेच, जीव आणि देव कायम वेगळे आहेत असं त्यांनी ठामपणे मांडलं. स्पिनोझा युरोपातले, देव आणि निसर्ग एकच आहेत, असं तत्त्वज्ञान त्यांनी उभं केलं. त्यांच्या विचारांमुळे १६५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्यांना बहिष्कृत केलं, तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. भिंगं घासून त्यांनी पोट भरलं. ‘बघा, तिकडचे लोक असे कर्मठ’ असं मात्र म्हणू नका. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानदेवांना भावंडांसह वाळीत टाकणारे इथलेच होते आणि तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारेही इथलेच.

आता एक गोष्ट, आपल्या मुलांना बहुधा ठाऊक असलेली. एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात घातलं. एकहार्ट यांनीही असंच काहीसं सांगून ठेवलंय. तुम्ही देवाच्या ध्यानात अगदी बुडून गेलेले असाल आणि शेजारी आजारी माणसाला वाडगाभर पेज हवी असेल, तर ध्यान सोडून उठा आणि त्याला पेज द्या, तेच श्रेष्ठ. दोन्ही गोष्टी मुलांना पाठोपाठ सांगा आणि मग विचारा, “यांत सारखं काय आणि वेगळं काय?” मुलं विचार करतात. नाथांना गाढवातच रामेश्वर दिसला. एकहार्ट देवावरच्या प्रेमाखातर माणसाची सेवा करायला सांगतात. वाट वेगळी आहे, पण दोन्हीकडे तहानलेल्याला पाणी मिळालं आणि भुकेल्याला पेज. एकत्वाची कसोटी इथे लागते, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

ही तुलना पुण्याला नवी नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘गीतारहस्य’ काढून बघा. कान्ट, मिल, ग्रीन यांच्या विचारांशी त्यांनी गीता ताडून पाहिली आहे, मतभेद असेल तिथे स्पष्ट सांगून. ग्रीक तत्त्वज्ञानाचा व्यासंग असलेले गुरुदेव रा. द. रानडे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत. त्यांनीच १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारमार्गावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. पलीकडूनही माणसं इकडे आली. ब्रिटनमधून आलेल्या सिस्टर सारा ग्रँट शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिल्या. शंकराचार्यांचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या शेजारी त्यांना ठेवून वाचलं. जग सर्वस्वी परमतत्त्वावर अवलंबून आहे, परमतत्त्व मात्र जगावर अवलंबून नाही. हा धागा त्यांना दोघांतही सापडला. त्या अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिल्या आणि स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवून घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

या सगळ्यांनी आपलं घर सोडलं नाही, पण दुसऱ्याचं घर उंबऱ्यावरून बघून ते परतलेही नाहीत. मुलांना मला हेच द्यावंसं वाटतं. आपली परंपरा नीट माहीत असावी. आरती पाठ असावी आणि तिचा अर्थही कळावा. मैत्रिणीच्या घरी नाताळला गेल्यावर फक्त केक खाऊन परत न येता, “तुम्ही प्रार्थनेत काय म्हणता?” असं आदराने विचारता यावं. तिने आपल्याकडे गणपतीत असंच विचारलं, तर सांगता यावं. तिचं म्हणणं वेगळं निघालं तर घाबरू नये, वाद घालू नये आणि ‘म्हणजे तेच’ म्हणून ते घाईने गुंडाळूही नये. जे मूल फरक शांतपणे ऐकून घेतं, त्याला पुढे एकत्वाचा अर्थ खराखुरा उमजतो. न ऐकताच एकत्व मान्य करणाऱ्याच्या तोंडी ते नुसतं घोषवाक्य राहतं.

आपल्याला सगळं येत नाही याची भीती बाळगू नका. “मला माहीत नाही, आपण दोघं शोधू,” हे वाक्य मुलाच्या मनात तुमची किंमत कमी करत नाही. एखाद्या रविवारी आळंदीला जा, दुसऱ्या रविवारी क्वार्टर गेटच्या चर्चमध्ये परवानगी घेऊन शेवटच्या बाकावर शांत बसा. घरी आल्यावर मुलाला काय वाटलं ते विचारा आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. पुढच्या वेळी मूल देवाबद्दल विचारेल तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा. एवढा वेळ त्या प्रश्नाला द्यायलाच हवा.