कृश बालक आणि छुपी चरबी

शाळेत वैद्यकीय तपासणीच्या दिवशी वजनकाट्यापुढे मुलांची रांग लागते. ज्याचे वजन कमी भरते त्याच्या नावापुढे ‘अशक्त’ अशी नोंद होते, आणि गुटगुटीत मुलाचे कौतुक होते. कृश मुलाला भरपूर खाऊ घालावे, एवढाच निष्कर्ष पुष्कळदा त्यातून निघतो. मधुमेह हा सुखवस्तू व स्थूल माणसांचा रोग होय, ही समजूतही त्याच जातीची. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली हा अभ्यास आरंभिला. गरोदर स्त्रियांचा आहार आणि त्यांचे श्रम यांची नोंद ठेवून पुढे त्यांच्या बालकांची मोजमापे घेण्यात आली. नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ होते. येथवर नवल काही नाही. परंतु दंड व पोट यांचा घेर पुष्कळ लहान असूनही पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे मूल वरून कृश, पण आतून चरबीयुक्त. रक्तातील साखर मोठ्या प्रमाणात स्नायूंत खर्ची पडते. ते मुळातच अपुरे असले, आणि पुढे अंगमेहनत सुटून खाणे वाढले, की चरबी पोटाभोवती साठते व मधुमेहाला वाट मिळते.

हा भेद प्रौढांतही दिसतो. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्याला हे कसे कळावे?

याच अभ्यासात, ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेत, त्यांची बालके जन्मतः अधिक चांगल्या वाढीची आढळली. एकूण उष्मांकांचा संबंध तितका दिसला नाही. तेव्हा केवळ पोट भरणे पुरेसे नाही. चहा-बिस्किटांवर शाळेत येणाऱ्या मुलाचे पोट भरलेलेच असते. शालेय पोषण आहाराच्या खिचडीत मोड आलेली मटकी आणि परसबागेतील शेवग्याचा पाला पडला, तर त्याच वाटीचे मोल वाढते. स्नायू घडतात ते धावण्या-उड्यांनी; खेळाचा तास मात्र परीक्षा जवळ येताच गणिताकडे जातो, आणि वहीत खेळ झाल्याचे लिहिले जाते.

मुलींकडे अधिक लक्ष हवे. घरी शेवटी व उरलेले जेवणारी पाचवीतील मुलगी दहा-बारा वर्षांनी माता होईल, आणि तिच्या पोषणाचा हिशेब तिच्या बाळाच्या अंगी उतरेल. पालकसभेत हा विषय तिच्या आईसमोर अवश्य निघावा.

काट्यासोबत उंचीची नोंदही नियमित ठेवावी. वर्गाच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. मूल अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभे करावे आणि डोक्यावर पाटी आडवी धरून खूण वाचावी. मुलांसाठी प्रौढांचे निर्देशांक लावू नयेत. त्यांची कोष्टके वयाप्रमाणे व मुलगा-मुलगीनुसार वेगळी असतात, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागवावीत.