रांजणापासून रांजणखळग्यांपर्यंत

पावसाळ्यात नाणेघाटाचा उलटा धबधबा बघून आलेले आणि निघोजचे रांजणखळगे बघून आलेले भटके पुष्कळ भेटतात. ही दोन्ही ठिकाणं एकाच नदीच्या दोन टोकांना आहेत, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात असतं. ही नदी म्हणजे कुकडी. हाताशी दोन दिवस असतील तर तिच्या उगमापासून काठाकाठाने खाली या. सुटी सुटी ठिकाणं उरकण्यापेक्षा हा प्रवास कितीतरी जास्त देऊन जातो.

जुन्नरहून आपटाळे, चावंडमार्गे घाटघरला पहाटेच पोहोचा. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञ केले, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी दान दिली, असा हिशेब दोन हजार वर्षांपूर्वी भिंतीवर कोरून ठेवलेला. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. आणखी एक गोष्ट इथे उभं राहून समजून घ्या. कड्यावरून पश्चिमेला पडलेलं पाणी कोकणातून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेला वळलेलं कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागरापर्यंत जातं.

परतताना पूर गावातलं कुकडेश्वराचं मंदिर चुकवू नका. शिलाहार काळातलं हे मंदिर, आणि कुकडीचा उगम इथलाच. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला निवांत तासभर हवा. जवळच चावंड किल्ला आहे. त्याच्या पायऱ्या 1818 मध्ये इंग्रजांनी सुरुंगाने फोडल्या. तो टप्पा जपून चढायचा. पाऊस असेल किंवा लहान मुलं सोबत असतील तर किल्ला पुढच्या खेपेला ठेवा. नदी पुढे माणिकडोह धरणात अडते.

मुक्काम जुन्नरला करावा. लेण्याद्री, ओझर, शिवनेरी सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून थांबत नाही. एवढंच सांगतो, हा बिबट्यांचा मुलूख आहे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नका.

दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या पूर्वेला बोरी बुद्रुक. इथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. बहुतेक अभ्यासक ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात. याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही सापडली. वरवर पाहता साधी दरड दिसते, म्हणून गावात विचारूनच जा. थर उकरू नका, चिमूटभर राखही घेऊ नका. माझ्या मते कुकडीच्या साऱ्या प्रवासातली ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित जागा आहे.

तिथून बेल्हे, अळकुटीमार्गे निघोज. अलीकडे अहिल्यानगर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी, आणि दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरं. गावकरी या जागेला कुंड म्हणतात. पात्रातल्या काळ्या कातळाला असंख्य खळगे पडलेत, काही अगदी रांजणाएवढे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळातल्या खाचेत गरगर फिरतात आणि ती घासत, खोल करत नेतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

खळगे नीट दिसतात ते दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर. पण वर धरणं आहेत. त्यांतून सिंचनाचं आवर्तन सुटलं की कोरडं पात्रही भरतं. त्यामुळे पात्रात पाणी सोडलंय का, हे मंदिराजवळ विचारल्याशिवाय उतरू नका. शेवाळलेल्या कडेला जाऊ नका आणि कितीही उकडत असलं तरी कुंडात पोहू नका. तिथली खोली वरून कळत नाही. खळग्यांच्या तळाशी गुळगुळीत गोटे दिसतील. आठवण म्हणून एखादा खिशात टाकावासा वाटेल. तो तिथेच राहू द्या. पुढच्या पुरात त्याला काम आहे.