मुलांचे पुढील शिक्षण : कोणते पान कोणासाठी?



आम्ही शिकत होतो त्या काळी मॅट्रिकनंतर काय करावयाचे याची माहिती मिळविणे हाच एक खटाटोप असे. कॉलेजच्या कचेरीत जाऊन माहितीपत्रक आणावे, शिक्षकांच्या घरी जाऊन विचारावे, नात्यात कोणी पदवीधर असल्यास त्याला पत्र घालावे, आणि एवढे करूनही कित्येकदा अर्जाची तारीख निघून गेल्यावरच उत्तर हाती पडावे. आज ती अडचण राहिली नाही. घरबसल्या इंटरनेटवर शेकडो पाने वाचता येतात. परंतु पूर आला म्हणजे पिण्याचे पाणी मिळतेच असे नाही, तद्वत माहितीच्या या पुरात पालक पूर्वीपेक्षा अधिक गोंधळलेले दिसतात. म्हणून या अंकात हा एक लहानसा धडा.

आमचा मुक्काम गेर्लिंगेन येथे आहे. दक्षिण जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, स्टुटगार्ट शहराच्या पश्चिमेस लागून हे सुमारे वीस हजार वस्तीचे गाव आहे. गावाच्या वरील टेकडीवर, शिलरह्योह येथे, १९७० पासून बॉश कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. स्टुटगार्टचे आणि आपल्या मुंबईचे भगिनी-शहर म्हणून नाते १९६८ पासूनचे, आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग व महाराष्ट्र या दोन राज्यांचे २०१५ पासूनचे. तेव्हा या भागात पुण्या-नाशिककडील इंजिनियर कुटुंबे भेटतात, संध्याकाळी फिरावयास निघाले म्हणजे मराठी कानावर पडते. निवृत्त शिक्षक म्हटल्यावर ही मंडळी मुलांचे प्रश्न घेऊन येतात. त्यांच्या प्रश्नांवरूनच आम्हांस पुढील गोष्टी सुचल्या. इस्रायलमधील वाचकांसही त्यांचा उपयोग होईल असे वाटते.

दहाव्या वर्षीची धास्ती

येथील पालकांची पहिली चिंता चौथीची असते. या राज्यात चौथीनंतर मुले निरनिराळ्या शाळांत जातात. गिम्नाझियुम ही थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा. तिच्या शेवटी आबिटूर ही परीक्षा. रेआलशूल आणि वेर्करेआलशूल या इतर शाळा. शिवाय सर्व प्रकारच्या मुलांना एकत्र शिकविणारी गेमाइनशाफ्ट्सशूल. नव्या नियमानुसार, म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशापासून, गिम्नाझियुमसाठी पालकांची इच्छा एकटी पुरत नाही. शिक्षकांची शिफारस, किंवा जर्मन आणि गणित या विषयांची 'कोम्पास ४' नावाची चाचणी, यांपैकी एक तरी तिच्या जोडीला लागते. दोन्ही नसल्यास मुलाला आणखी एक चाचणी देता येते.

हे वाचून आईबापांचा जीव घाबरा होतो. भारतातून दोन वर्षांपूर्वी आलेले मूल जर्मन भाषेत मागे असणारच. त्याला गिम्नाझियुम मिळाले नाही की घरात सुतक आल्यासारखे होते. 'आता हा कॉलेजला जाणार नाही' असे मुलाच्या देखत बोलले जाते, आणि दहा वर्षांचे पोर ते मनावर घेते. हे बोलणे खोटे आहे, आणि मुलाचे सर्वांत मोठे नुकसान त्यानेच होते.

वस्तुस्थिती अशी की रेआलशूलची दहावी चांगल्या गुणांनी झाल्यावर 'बेरूफलिखेस गिम्नाझियुम' या तीन वर्षांच्या शाळेत जाऊन तेच आबिटूर मिळविता येते. तेथे तंत्रविद्या, अर्थशास्त्र असे मुख्य विषय असतात. कारागिरीचे शिक्षण घेऊन पुढे 'मायस्टर' परीक्षा उत्तीर्ण झालेल्यासही विद्यापीठाचे दार उघडते. ज्यांच्या नावाची कंपनी टेकडीवर उभी आहे ते रॉबर्ट बॉश स्वतः शिकाऊ कारागीर म्हणूनच सुरुवात करून पुढे आले आणि १८८६ साली स्टुटगार्टात त्यांनी आपला कारखाना काढला. ही सर्व वळणे राज्याच्या शिक्षण मंत्रालयाच्या पानांवर आकृत्यांसह दिलेली आहेत. पण आपली माणसे ती वाचत नाहीत. ती वाचतात कोणा अनोळखी माणसाने लिहिलेले अनुभव.

पान उघडल्यावर विचारावयाचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न : हे पान कोणासाठी लिहिले आहे? बहुतेक गोंधळ येथेच होतो. पुण्यात बारावी करणारा भाचा आणि गेर्लिंगेनमध्ये वाढलेली भाची एकच पान वाचतात, आणि दोघांची फसगत होते. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यास १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागते, म्हणजे त्याची भारतीय कागदपत्रे तपासून दिलेला दाखला. केवळ बारावीवर त्याला येथील पदवी वर्गात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. भारतात मान्य विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे करावे लागते, अथवा जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे लागते. व्हिसासाठी बँकेत ठरावीक रक्कम अडकवून ठेवावी लागते. शिवाय या राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सहामाही १,५०० युरो फी आहे. यांतील एकही गोष्ट, पासपोर्ट भारतीय असला तरी, येथेच आबिटूर झालेल्या व येथेच राहणाऱ्या मुलीला लागू नाही. तिचा अर्ज जर्मन मुलांप्रमाणेच जातो. एका गृहस्थांच्या मुलीसाठी पैसे घेणाऱ्या कोणा सल्लागाराने ही सारी यादी लिहून दिली होती! नियम खरे होते, पण ते तिच्यासाठी नव्हते.

इस्रायलमध्येही असेच आहे. नवीन आलेल्या विद्यार्थ्यास सरकारच्या स्टुडंट अथॉरिटीकडून फीसाठी जी मदत मिळते ती तेथेच जन्मलेल्या नातवास त्याच नियमाने मिळत नाही. पान खरे असूनही आपल्या कामाचे नसू शकते.

दुसरा प्रश्न : हे पान कोणत्या तारखेचे आहे? वर सांगितलेल्या बँकेतील रकमेचेच उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी ती वर्षाला ८,६४० युरो होती. १ जानेवारी २०२३ पासून ११,२०८ झाली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४. जुनी पाने मात्र पुसली जात नाहीत. जुना आकडा धरून बापाने कर्ज काढले तर तीन हजार युरो कमी पडतात, आणि मुलाचे वर्ष जाते. म्हणून आमचे आकडेसुद्धा अर्ज करण्यापूर्वी दूतावासाच्या पानावर पुन्हा पडताळून पाहावेत.

तिसरा प्रश्न : हे लिहिणाऱ्याला पैसे कोण देतो? सल्लागाराने पैसे घेणे हे पाप नव्हे. परंतु ज्याला एखाद्या खासगी कॉलेजकडून दलाली मिळते तो त्याच कॉलेजचे गुण गाणार. म्हणून आधी मूळ कचेरीचे पान वाचावे, मग वाटल्यास सल्लागाराकडे जावे.

मूळ पाने कोठे आहेत?

जर्मनीत कोणत्या विद्यापीठात कोणता अभ्यासक्रम आहे हे 'होखशूलकोम्पास' या पानावर मिळते. ते विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या परिषदेने चालविलेले आहे. त्यावर वीस हजारांहून अधिक अभ्यासक्रम शोधता येतात. परदेशातून येणाऱ्यांसाठी डीएएडी या १९२५ साली स्थापन झालेल्या संस्थेची पाने आहेत. परदेशी प्रमाणपत्रास येथे काय किंमत आहे ते 'आनाबिन' या सरकारी सूचीत पाहावे. अनेक विद्यापीठांकरिता परदेशी अर्ज तपासण्याचे काम बर्लिनची 'ऊनी-असिस्ट' ही संस्था करते. वैद्यकी, दंतवैद्यकी, पशुवैद्यकी आणि औषधनिर्माणशास्त्र यांचे अर्ज 'होखशूलश्टार्ट' मार्फत जातात.

मुलाला स्वतःलाच काय आवडते हे कळत नसेल, आणि सोळाव्या वर्षी ते पुष्कळांना कळत नाही, तर सरकारी रोजगार कचेरीची 'चेक-यू' ही मोफत चाचणी सोडवावी. तिचे उत्तर ब्रह्मवाक्य समजू नये. बोलणे सुरू करावयास ती चांगली. त्याच कचेरीचे सल्लागार समोर बसून फुकट मार्गदर्शन करतात.

एक मार्ग आपल्या लोकांना विशेष ठाऊक नाही. 'डूआले होखशूल' हे या राज्याचे विद्यापीठ २००९ साली झाले, पण त्याचे मूळ १९७४ च्या बेरूफ्सआकाडेमीत आहे. येथे विद्यार्थी साधारण तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत असतो, आणि कंपनी त्याला तिन्ही वर्षे पगार देते. पण जागा कंपनीकडे असते, आणि पुष्कळ कंपन्या आदल्या वर्षीच निवड आटोपतात. जो आबिटूरच्या निकालाची वाट पाहत बसला त्याची गाडी चुकली.

शिकण्याची साधने

आता प्रत्यक्ष अभ्यासाविषयी. जर्मन भाषा कच्ची असल्यास डॉइचे वेले या नभोवाणी संस्थेचे 'निकोस वेग' हे चित्रपाठ आणि फोल्क्सहोखशूल संस्थांचे शिक्षणपीठ, दोन्ही मोफत आहेत. विद्यापीठापूर्वी गणिताची उजळणी करावयाची तर 'ओएमबी प्लस' हा जर्मन व इंग्रजी भाषांतील सेतू-अभ्यासक्रम विनामूल्य आहे. आयआयटी आणि बंगलोरची विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेले 'एनपीटीईएल' आणि भारत सरकारचे २०१७ चे 'स्वयम्' यांवरील व्याख्याने जगात कोठूनही ऐकता येतात. 'स्वयम्'वर शिकणे फुकट, परीक्षेस मात्र फी. आणि भारतीय विद्यापीठे २०२१ च्या नियमानुसार चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून धरू शकतात. अमेरिकेतील एमआयटीने २००१ साली आपले अभ्यासक्रम सर्वांस मोकळे करण्याचे जाहीर केले, तेही आहेत. घरी मराठी टिकवावयाची असेल तर पुण्याच्या बालभारतीची पाठ्यपुस्तके इंटरनेटवरून मोफत उतरवून घेता येतात. इस्रायलमधील वाचकांच्या मुलांसाठी यरुशलेमच्या परीक्षा-संस्थेने सायकोमेट्रिकच्या सरावपत्रिका मोफत ठेविल्या आहेत. १९७४ साली स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीत पदवीचे शिक्षण बगरूतच्या गुणांची अट न घालता सुरू करता येते, हे ज्यांचे गुण कमी आले त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

परंतु शिक्षक या नात्याने एक इशारा द्यावासा वाटतो. व्याख्यान पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. पडद्यावर गणित सुटताना पाहिले की आपल्यालाही ते येते असा भास होतो. आम्ही मुलांना असे सांगतो : वीस मिनिटे ऐका, मग पडदा बंद करा, वही उघडा, आणि तेच गणित न पाहता सोडवा. अडले तेथे खूण करा व तेवढाच भाग पुन्हा ऐका. एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्यावा. चार सुरू करून एकही पुरा न करणे हा आजच्या मुलांचा नेहमीचा रोग आहे. आणि आठवड्यातून एकदा आईने किंवा आजोबांनी ती वही पाहावी. विषय कळला नाही तरी चालेल. पान भरले आहे की कोरे आहे हे सर्वांना कळते.

वर्षाचा कागद

शेवटी, एक कोरा कागद घेऊन त्यावर वर्षाच्या तारखा लिहा आणि भिंतीवर लावा. या राज्यात दर नोव्हेंबरात एका बुधवारी विद्यापीठे शाळकरी मुलांसाठी आपली दारे उघडतात. त्या दिवशी मुलाला अवश्य पाठवावे. जागा मर्यादित असलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांची हिवाळी सत्रासाठी शेवटची तारीख १५ जुलै असते. परदेशी प्रमाणपत्रे असल्यास पुष्कळदा तारीख अलीकडची असते. 'बाफ्योग' ही १९७१ पासूनची सरकारी विद्यार्थी-मदत अर्ज केलेल्या महिन्यापासूनच मिळते, मागील महिन्यांची मिळत नाही. परदेशी नागरिकांच्या मुलांनाही राहण्याच्या परवान्याप्रमाणे ती मिळू शकते. 'आपल्याला कोण देणार' असे म्हणून अर्जच न करणारे आम्ही पाहिले आहेत. विचारण्यास पैसा पडत नाही.

तात्पर्य, साधने आज गरिबालाही उपलब्ध आहेत. उणीव आहे ती घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाजवळ बसून ती पारखून घेण्याची. पान कोणासाठी, कोणत्या तारखेचे आणि कोणाच्या पैशाने, एवढे तीन प्रश्न ज्या घरात विचारले जातील त्या घरातील मुलाचे वर्ष सहसा फुकट जाणार नाही. आणि चौथीचा किंवा बगरूतचा निकाल काहीही लागो, 'तुझे दार बंद झाले' असे मुलाला कोणी म्हणू नये. आधी दुसरे दार शोधावे. ते बहुधा असतेच.

इतके सांगून रजा घेतो. सर्व मुलामुलींस परीक्षेसाठी आशीर्वाद.